कनवटीचं तांबं : रोमन माणूस रोज कुठली नाणी वापरायचा?

ऱ्हाईनकाठची

गेल्या महिन्यात ऱ्हाईनकाठच्या एका रोमन छावणीच्या संग्रहालयात गेले होते. सोन्याच्या नाण्यांच्या कपाटापुढे नेहमीसारखी गर्दी होती. मी मात्र शेजारच्या कपाटापाशीच थांबले. तिथे तांब्याची काळपट नाणी मांडली होती आणि त्यातली कितीतरी चक्क छिन्नीने मधोमध तोडलेली. एका तुकड्यावर साखळीने बांधलेल्या मगरीचं नुसतं तोंड, दुसऱ्यावर नुसती शेपटी. अखंड नाण्यावर ती मगर ताडाला बांधलेली दिसते. दक्षिण फ्रान्समधल्या नीम गावच्या टांकसाळीतली ही नाणी, ऑगस्टसच्या काळातली.

हे तुकडे चोरांनी केलेले नाहीत, वापरणाऱ्यांनीच केलेले आहेत. छावणीत सुट्टे मिळेनात म्हणून एका नाण्याची दोन केली, आणि समोरच्यानेही ती घेतली. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

रोमन नाणं म्हटलं की आपल्यापुढे सम्राटाचा सोनेरी मुखवटा येतो. पण ते सोनं किती जणांच्या हाताला लागत होतं? ऑगस्टसपासून पुढे हिशेब असा होता: सोन्याचा एक ऑरियस म्हणजे चांदीचे २५ देनारियस. एका देनारियसचे ४ सेस्टर्टियस. सेस्टर्टियस पितळेचा, साधारण २५ ग्रॅमचा, चांगला तळहातात भरणारा. त्याचे २ दुपोंडियस, तेही पितळेचे. दुपोंडियसचे २ अ‍ॅस, आणि अ‍ॅसपासून तांबं सुरू. एका अ‍ॅसचे ४ क्वाड्रान्स. माझ्या कपाटातले तुकडे अ‍ॅसचे.

आता सैनिकाचा पगार बघा. ऑगस्टसच्या काळात साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारियस, तीन हप्त्यांत. म्हणजे दिवसाला जेमतेम १० अ‍ॅस, आणि त्यातूनही जेवण, कपडे, शस्त्रं यांचे पैसे कापून घेत. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला तेव्हा डॅन्यूबकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या फौजांनी बंड केलं. त्यांचा पुढारी पर्केनियस याचं गाऱ्हाणं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय: आमच्या जिवाची आणि शरीराची किंमत रोजचे दहा अ‍ॅस! रोज एक देनारियस द्या, ही त्यांची मागणी होती. दहाचे सोळा करा, एवढंच. ते वाचल्यावर ती तुटकी नाणी मला वेगळीच दिसायला लागली.

दहा अ‍ॅसमध्ये यायचं काय? इथे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या भिंती मदतीला येतात. एका गुत्त्याच्या भिंतीवर लिहिलंय की एका अ‍ॅसमध्ये दारू मिळेल, दोन दिलेत तर चांगली, आणि चार दिलेत तर थेट फालर्नियन, म्हणजे त्या काळची नावाजलेली. सार्वजनिक स्नानगृहात पुरुषाला एक क्वाड्रान्स पडे. एका घरात कुणीतरी रोजचा खर्च भिंतीवरच मांडलाय: पाव, तेल, चीज, दारू, कांद्याची पात. त्यात गुलामासाठीचा पाव वेगळा लिहिलाय, २ अ‍ॅस. एका दुकानदाराचं तांब्याचं भांडं चोरीला गेलं. आणून देणाऱ्याला ६५ सेस्टर्टियस देईन, असं त्याने जाहीर केलं. हिशेब करून पाहिला, शिपायाचा २६ दिवसांचा पगार होतो. भांडं तसं मौल्यवानच म्हणायचं. आणि एकाने आनंदाने नोंदवलंय की नुकेरियाला फाशांच्या खेळात ८५५ देनारियस जिंकले, अगदी प्रामाणिकपणे! म्हणजे शिपायाची जवळजवळ चार वर्षांची कमाई.

त्याच पॉम्पेईत वेतुतियस प्लाकिदसची खाणावळ आहे. तिच्या ओट्यात बसवलेल्या एका रांजणात हजाराहून जास्त सुटी नाणी सापडली. ज्वालामुखी फुटला तेव्हा मालकाने गल्ला तिथे टाकला असावा. आणि जवळच बोस्कोरेयालेच्या हवेलीत १८९५ साली हजारावर ऑरियस मिळाले. एक हजार ऑरियस म्हणजे एक लाख सेस्टर्टियस. लहान शहराच्या नगरसभेत बसायला साधारण तेवढी मालमत्ता लागे. एकाच डोंगराच्या पायथ्याशी, एकाच राखेखाली हे दोन साठे. मला रांजणातल्या नाण्यांची ओढ जास्त आहे.

आणखी एक गोष्ट सांगून थांबते. इ.स. ९ मध्ये वारुस नावाच्या सेनापतीची तीन लीजन्स, म्हणजे रोमन पलटणी, जर्मन जंगलात कापली गेली. ती जागा शतकानुशतकं सापडत नव्हती. १९८७ पासून काल्कक्रीझे इथे नाणी मिळू लागली. त्यातल्या तांब्याच्या अ‍ॅसवर नुसता डाग वाटावा असा छोटा ठसा होता, नीट पाहिल्यावर VAR, म्हणजे वारुसच्या नावाची पहिली तीन अक्षरं. त्याने शिपायांना वाटलेली नाणी ती. इ.स. ९ नंतरचं एकही नाणं त्या थरात नाही. रणांगणाचा पत्ता सांगायला तांबंच उपयोगी पडलं.

इथे नाण्यांची आवड असलेले बरेच जण आहेत. भर घालाच.

आजोळचा_माळा

ताई, लेख आवडला. तुमचा कोष्टकाचा परिच्छेद वाचताना मी एकदम आजीच्या ओसरीवर जाऊन बसलो.

देनारियसचे १६ अ‍ॅस, अ‍ॅसचे ४ क्वाड्रान्स. आमचा रुपया १६ आण्यांचा, आणा ४ पैशांचा! १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येईपर्यंत असाच हिशेब होता. तुमचं सगळं कोष्टक मला भाषांतराशिवाय समजलं. सेस्टर्टियस म्हणजे पावली, दुपोंडियस म्हणजे चवली, अ‍ॅस म्हणजे आणा, क्वाड्रान्स म्हणजे पैसा. अर्ध्या अ‍ॅसचंही नाणं होतं ना? तो आमचा ढब्बू.

दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मान्य. पण १६ हा आकडा अर्धा करत करत एकापर्यंत पोचतो, अपूर्णांक न येता. बाजारात बसणाऱ्या माणसाला तेच सोयीचं.

मेतकूट_भात

वाचतेय. फार सुंदर चाललाय धागा.

एक शंका. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा आणि त्यावरून इंग्रजीतला पगाराचा शब्द आला, असं शाळेत शिकवलं होतं. मग हे २२५ देनारियस कुठून आले?

ऱ्हाईनकाठची

@मेतकूट_भात, शब्दाचं मूळ मिठात आहे हे रोमन लेखक प्लिनीही सांगतो. पण शिपायाच्या हातावर मीठ ठेवत नव्हते. पगार नाण्यातच मोजला जाई, आणि कापलेली रक्कमही नाण्यातच लिहिली जाई.

नाण्यांसाठी माणसं किती जेरीला येत त्याचा एक नमुना रोमन ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवर विंडोलांडा इथे सापडलाय. लाकडाच्या पातळ फळीवर शाईने लिहिलेलं पत्र, इ.स. १०० च्या आसपासचं. ऑक्टेवियस नावाचा पुरवठादार कांदिदसला कळवतोय की मी ५,००० मोदियस (हे धान्याचं रोमन माप) धान्य घेतलंय, मला रोकड पाठव, निदान ५०० देनारियस तरी. नाहीतर इसार म्हणून दिलेले ३०० च्या आसपास देनारियस बुडतील आणि माझी लाज जाईल. पुढे लिहितो की कातडी आणायला मीच गेलो असतो, पण रस्ते खराब आहेत, जनावरं जायबंदी करायची नव्हती. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा व्यापारी माणूस, आणि अडचण कुठल्याही अडत्याला कळेल अशी: माल आहे, गिऱ्हाईक आहे, हातात रोख नाही.

@आजोळचा_माळा, तुमच्या पावली-चवलीने माझं काम केलं. यापुढे मीही तसंच लिहीन. अर्ध्या अ‍ॅसचं नाणं होतं, सेमिस. पण छावणीत ते पुरेसं पोचत नव्हतं, म्हणून तर छिन्नी.

चिंचपेटी

माझ्या माहेरी तीन पिढ्या सराफी. आजोबा रुपया घेतला की दगडी पाटीवर टाकून वाजवायचे. डोळे मिटून ऐकायचे. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द आवाज आला तर परत. मग नखाने कड बघायचे. आमच्याकडे सगळ्या पोरांना हे शिकवलं होतं. खोट निघाली की बट्टा कापून घ्यायचा. ‘नावाला बट्टा लागला’ हे आपण आज सहज म्हणतो, ते मूळचं आमच्या दुकानातलं.

रोमन लोकांकडे असा पोतदार होता का?

ऱ्हाईनकाठची

@चिंचपेटी, होता, आणि तुमच्या आजोबांसारखाच! त्याला नुम्युलारियस म्हणत. एपिक्टीटस हा तत्त्ववेत्ता त्याचं उदाहरण देतो. नाणं पारखणारा नजर वापरतो, स्पर्श वापरतो, वाससुद्धा घेतो आणि शेवटी देनारियस खाली टाकून त्याचा आवाज लक्ष देऊन ऐकतो. आपल्या विचारांची पारखही माणसाने इतक्याच काळजीने करावी, हा त्याचा मुद्दा.

पारख करावीच लागे, कारण आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा अशी नाणी चिक्कार होती. इ.स.पू. ८५ च्या सुमारास मारियस ग्राटिडियानस नावाच्या अधिकाऱ्याने नाण्यांची खात्री करण्याबद्दल हुकूम काढला. रोमच्या लोकांना एवढं हायसं वाटलं की गल्लोगल्ली त्याचे पुतळे बसवून त्यांच्यापुढे धूप जाळला, असं रोमन वक्ता सिसेरो सांगतो. काही देनारियसच्या कडेला करवतीसारखे दातेही पाडलेले असत. टॅसिटस म्हणतो की ऱ्हाईनपलीकडच्या जर्मनांना हीच दातेवाली आणि जुनी, रथाच्या चित्राची नाणी हवी असत. ओळखीच्या नाण्यावर विश्वास, नव्यावर नाही.

डोंगरवाट

उत्तम धागा. माझ्या आवडीचा विषय म्हणजे आपल्याकडे आलेलं रोमन धन. प्लिनी रडतोय की भारत दरवर्षी निदान पाच कोटी सेस्टर्टियस ओढून नेतो आणि शंभर पट किमतीला माल विकला जातो. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दहा कोटी. रोमची चांदी खालावत गेली ती आपल्या मिरी-मलमलीपायी, असं मी बरेच ठिकाणी वाचलंय आणि मला ते पटतं. तुमचं मत?

तगरपूर

मी तेरजवळचा, धाराशिव जिल्हा. त्यामुळे गप्प बसवत नाही.

‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत आमच्या गावाचं नाव तगर असं येतं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकीक, तगरहून सुती कापड, दोन्ही गाड्यांतून भडोच बंदराला जात. त्याच पुस्तिकेत म्हटलंय की भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा मिळतो. म्हणजे वटाव रोमनांच्या बाजूने! आणि मिनँडरसारख्या जुन्या यवन राजांची नाणी अजून तिथे फिरताहेत, हेही त्यात आहे.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे. हस्तिदंती बाहुलीसाठी लोक येतात, आणि तसं यावंच. पण मला त्याहून जवळची वाटतात ती मातीची रोमन नाणी. रोमन नाण्याचा छाप मातीत घेऊन भाजलेली, अडकवायला कडी असलेली. गळ्यात घालायचे दागिने. खरं नाणं परवडत नसेल अशा कुणा बाईने सम्राटाचा चेहरा मातीत घेऊन अंगावर मिरवला. ऱ्हाईनकाठची यांचं अर्धं तांबं आणि आमची ही माती मला एकाच जातीची वाटते.

तमिळनाडूत पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ सोन्याची नाणी एकत्र मिळाली. बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा घाव घातलेला. आपल्याकडे ते नाणं राजाच्या नावावर चालत नव्हतं. ते चाललं सोनं म्हणून, वजनावर.

ऱ्हाईनकाठची

@तगरपूर, मातीच्या नाण्यांबद्दल मनापासून आभार. पुढच्या भारतवारीत तेर नक्की.

@डोंगरवाट, मी तुमच्याशी सहमत नाही. कारण सांगते.

व्हिएन्नात एक पपायरस आहे, दुसऱ्या शतकातला. त्याच्या मागच्या बाजूला केरळातल्या मुझिरिसहून आलेल्या हेर्मापोलोन जहाजाच्या मालाचा हिशेब आहे. एका जहाजावरचा माल जवळजवळ ७० लाख सेस्टर्टियसचा! पण अशा मालावर रोमन सरकार २५ टक्के जकात घेत होतं. म्हणजे माल अलेक्झांड्रियात उतरला की चौथा हिस्सा थेट तिजोरीत. प्लिनी जाणारा पैसा मोजतो, येणारा मोजत नाही. शिवाय तो श्रीमंत बायकांच्या चैनीवर चिडलेला माणूस आहे, त्याचा सूरच तसा आहे.

चांदी खालावली ती मुख्यतः फौजेपायी. नीरोने इ.स. ६४ मध्ये देनारियस हलका केला आणि त्यातली चांदीही कमी केली. पुढे सेप्टिमियस सेवेरस आणि कॅराकॅला यांनी शिपायांचे पगार वाढवले, आणि ते भागवायला कॅराकॅलाने २१५ मध्ये नवं नाणं काढलं. दोन देनारियसचं म्हणून ते चालवायचं, पण चांदी दीडाचीच. २७० च्या सुमारास त्या नाण्यात शंभरात पाच भागही चांदी उरली नव्हती. तांब्यावर चांदीचा मुलामा. चिंचपेटीच्या आजोबांनी पाटीवर टाकलंसुद्धा नसतं.

याचा फटका कुणाला? ज्याच्याकडे सोनं होतं त्याला नाही. ३०१ मध्ये डायोक्लिशनने भाव बांधून दिले आणि जास्त घेणाऱ्याला देहदंड लावला. त्या यादीत शेतमजुराची रोजी २५ देनारियस आणि जेवण, न्हाव्याला एका माणसामागे २, मुळाक्षरं शिकवणाऱ्या मास्तराला मुलामागे महिना ५०. आणि एक पौंड सोनं ७२,००० देनारियसला! पर्केनियसच्या वेळी एक देनारियस रोज म्हणजे बंड करून मागायची गोष्ट होती. तीनशे वर्षांत त्यात न्हाव्याकडे अर्धीच हजामत झाली असती.

पुढे कॉन्स्टंटाइनने पौंडाला ७२ या हिशेबाने सोन्याचा सॉलिडस पाडला. तो इतका खणखणीत निघाला की सातशे वर्षं टिकला. त्याचं कौतुक सगळी पुस्तकं करतात. पण सॉलिडसची मोड घेऊन भाजी घेता येत नाही, हे मला कुणीतरी लिहिलेलं हवं होतं.

डोंगरवाट

जकातीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. चौथा हिस्सा परत येत असेल तर ‘ओढून नेलं’ म्हणता येत नाही. मत बदललं. धन्यवाद.

आजोळचा_माळा

पुन्हा येतोय, कारण काल रात्री शब्दकोश घेऊन बसलो होतो.

सेस्टर्टियस या शब्दाचा अर्थ ‘तिसरा अर्धा’. म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा, अडीच. मुळात देनारियस १० अ‍ॅसचा होता, नावच ‘दहाचं’ असं. त्याची पावली अडीच अ‍ॅसची. पुढे इ.स.पू. दुसऱ्या शतकात देनारियस १६ चा झाला, पावली चाराची झाली, पण नावं तीच राहिली.

आणि आपला ‘अडीच’ कुठून आला? संस्कृत अर्धतृतीय. तिसरा अर्धा! अक्षरशः तोच शब्द. औट म्हणजे साडेतीन, तो अर्धचतुर्थ. रोमच्या बाजारातली बाई आणि माझी आजी अडीच मोजताना मनात एकच पायरी चढत होत्या.

दुसरं, ‘दाम’. ग्रीक द्राख्मा, त्याचं संस्कृतात द्रम्म झालं, आणि त्यावरून दाम. ‘दमडी’ही त्याच घरची. देनारियसचा आपल्याकडे दीनार झाला, गुप्तकाळच्या लेखांत सोन्याच्या नाण्याला तेच नाव आहे.

मेतकूट_भात

अडीचवर मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. आज मुलीला सांगणार.

गोदातीर

उशिरा आलो. नाशिकचा एक दाखला इथे हवाच, म्हणून टंकतोय.

पांडवलेण्यांत दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातला. लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्खूंसाठी त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची चांदीची नाणी) ठेव म्हणून दिले. कुणाकडे? गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. एका श्रेणीकडे २,०००, दुसरीकडे १,०००. पहिलीचा दर दरमहा शेकडा एक. वर्षाचे २४० झाले, आणि लेखात पुढे वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा असं स्पष्ट आहे. विसाबारे दोनशे चाळीस. हिशेब चोख.

आता हे बघा. रोमन कायद्यानेही व्याजाची कमाल मर्यादा दरमहा शेकडा एक अशीच ठेवली होती, आणि तिथेही व्याज महिन्याच्या पहिल्या दिवशी वसूल होई. एकाच काळात, समुद्राच्या दोन काठांना, एकच दर.

त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, एका सुवर्णाला ३५, असा सोन्या-चांदीचा भावही कोरलाय. रोममध्ये तेव्हा एका ऑरियसला २५ देनारियस. नाण्यांची वजनं वेगळी, त्यामुळे आकडे थेट ताडून बघता येत नाहीत. पण नाशिकमध्ये कुणीतरी सोन्याचा भाव दगडावर कोरून ठेवण्याइतकी खात्री बाळगून होता.

मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज भोगायचं, असंही प्राकृतात लिहिलंय. आणि आजोळचा_माळा, ही तुमच्यासाठी: दुसऱ्या श्रेणीचा दर पाऊण टक्का होता, आणि त्यासाठी भिंतीवर कोरलेला शब्द आहे ‘पायून’.

आजोळचा_माळा

पाऊण! या रविवारी लेण्यांवर येतो. सकाळी किती वाजता ऊन आत येतं तेवढं कळवा.